आधी एकांतात, मग चारचौघांत : चुकणाऱ्याशी कसं वागावं, याचा एक ख्रिस्ती धडा



मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर 'क्षमा' हा शब्द लिहिला की वर्गातून ठरलेली उत्तरं येतात. "सर, क्षमा करावी." "सर, मनात राग धरू नये." सगळी उत्तरं बरोबर असतात. पण त्याच दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी दुसऱ्याच्या डब्यातला तळलेला बांगडा खातो आणि पाच मिनिटांत दोघांच्या शर्टाची बटणं तुटतात. नुकसान दुसऱ्याचं असतं तेव्हा क्षमा सोपी वाटते. ते आपलं झालं की कळतं, हा धडा पाठ करण्याचा नाही.

आज आपण हा विषय बायबलमधल्या एका अध्यायाच्या आधारे समजून घेणार आहोत. मत्तयाच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय. बायबलच का, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्या आजूबाजूलाच आहे. मालवण, देवबाग, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, त्याचं मुख्य ठिकाण सावंतवाडी. नाताळात शेजारून आलेलं ताट आपण आवडीने खातो, चतुर्थीला आपल्या घरचे मोदक त्यांच्याकडे जातात. पण त्यांच्या धर्मात चुकणाऱ्या माणसाविषयी काय सांगितलं आहे, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. शेजाऱ्याचं घर ओळखीचं असावं, तसा त्याचा विचारही ओळखीचा असावा.

माझीच एक चूक

पाठाआधी एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला फार बरं वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी, ऑगस्ट महिना. जून-जुलैची मासेमारीबंदी नुकतीच उठलेली, पण समुद्र खवळलेलाच होता आणि होड्या अजून वरच ओढून ठेवलेल्या होत्या. घरोघरी पैशांची ओढाताण. आठवीच्या वर्गाने सहलीसाठी जमवलेल्या पैशांत आठशे रुपये कमी भरले. मी सगळ्यांची दप्तरं तपासली. एका मुलाच्या कंपासपेटीत पैसे सापडले. त्याचे वडील रापणीवर जाणारे.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी त्याला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. तो खाली मान घालून पुटपुटला, "मी चुकलंय." मी म्हटलं, "मोठ्याने बोल." तो पुन्हा म्हणाला. पैसे परत मिळाले, इतर मुलांना धडा मिळाला, असं मला वाटलं.

सोमवारी तो शाळेत आला नाही. मंगळवारीही नाही. मी घरी गेलो तेव्हा त्याची आई दारातच म्हणाली, "सर, तो आता शाळेत येवचो नाय म्हणता." दोन वर्षांनी तो मला धक्क्यावर बर्फाच्या पेट्या उचलताना दिसला. त्याने मला पाहिलं आणि पाठ फिरवली.

आमच्या शाळेत तेव्हा एक ज्येष्ठ ख्रिस्ती बाई शिकवायच्या. त्यांना मी हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, तुम्ही शेवटची पायरी आधी चढलात." मला अर्थ कळला नाही. मग त्यांनी मत्तयाचा अठरावा अध्याय वाचायला दिला.

अध्यायाची सुरुवात : चूक ही चूकच

पुष्कळांना वाटतं, ख्रिस्ती क्षमा म्हणजे 'जाऊ दे, काही झालं नाही' असं म्हणणं. हा अध्याय वाचला की तो गैरसमज पहिल्याच पानावर जातो.

शिष्य येशूला विचारतात, स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण? येशू एका लहान मुलाला बोलावून मध्ये उभं करतो. आणि पुढे बजावतो की अशा लहानग्याला जो कुणी वाईट मार्गाला लावील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला खोल समुद्रात बुडवलेलं बरं. किनाऱ्यावरच्या माणसाला या शब्दांचं वजन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

म्हणजे क्षमेवरच्या अध्यायाची सुरुवातच अन्यायाला स्पष्ट शब्दांत अन्याय म्हणून होते. हे लक्षात ठेवा. जिथे चूक मान्यच नाही तिथे क्षमा कशाची करणार?

त्यानंतर येतो हरवलेल्या मेंढराचा दाखला. शंभर मेंढरांतलं एक चुकलं तर मेंढपाळ नव्याण्णव डोंगरावर ठेवून त्या एकाला शोधायला जातो. याच दाखल्याला जोडून पुढचा नियम सांगितला आहे. म्हणून तो नियम वाचताना त्यामागचा हेतू विसरायचा नाही : चुकलेल्याला परत आणायचं आहे.

तीन पायऱ्या

नियम असा. तुझ्या भावाने तुझा अपराध केला, तर

१. आधी त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघंच असताना त्याची चूक त्याला दाखव. त्याने ऐकलं तर तू आपला भाऊ परत मिळवलास.

२. त्याने ऐकलं नाही तर आणखी एक-दोन जणांना बरोबर घेऊन जा, म्हणजे बोलण्याला साक्ष राहील.

३. त्यांचंही ऐकलं नाही तर मंडळीला, म्हणजे सगळ्या समाजाला सांग.

आणि समाजाचंही ऐकलं नाही तर? तर तो तुला परक्यासारखा आणि जकातदारासारखा होवो, असं पुढचं वाक्य सांगतं. वरवर पाहता हा बहिष्कार वाटतो, आणि नातं तुटल्याची कबुली त्यात आहेच. पण येशू स्वतः जकातदारांशी कसा वागला, तेही पाहा. तो त्यांच्या पंगतीला बसला. ज्या मत्तयाच्या नावाने हे शुभवर्तमान ओळखलं जातं, तो स्वतः जकातनाक्यावरून उठून आलेला माणूस. म्हणजे शेवटच्या पायरीनंतरसुद्धा दाराला कायमची कडी लागत नाही.

आता बाईंचं वाक्य मला कळलं. मी तिसऱ्या पायरीवरून सुरुवात केली होती. मुलाला बाजूला घेऊन 'काय झालं रे?' एवढंही विचारलं नव्हतं.

एकांताला एवढं महत्त्व का? वर्गात अनुभव घेऊन पाहा. चारचौघांत आरोप झाला की माणूस चुकीचा विचार करत नाही, स्वतःची लाज वाचवण्याचा विचार करतो. मग तो खोटं बोलतो, उलट आरोप करतो, नाहीतर पळून जातो. एकांतात लाज राखलेली असते, म्हणून खरं बोलायला जागा राहते. शिवाय आपलीही परीक्षा होते. एकट्याला गाठून नीट बोलायला धैर्य लागतं. पाठीमागे दहा जणांना सांगायला काहीच लागत नाही. आजकाल तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली की तिसरी पायरी एका सेकंदात गाठता येते, आणि तिथून खाली उतरता येत नाही.

कॅथलिक परंपरेत दयेची कृत्यं मोजून सांगितली आहेत : सात शरीराची, सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न देणं, आजाऱ्याला भेटणं ही शरीराची. आत्म्याच्या सातांत 'अपराधांची क्षमा करणं' आहे, 'त्रास देणाऱ्याला धीराने सहन करणं' आहे आणि त्याच यादीत 'चुकणाऱ्याला समज देणं' हेही आहे. चूक दाखवून देणं हे दयेच्या विरुद्ध नसून दयेचाच एक भाग आहे. फक्त ती कशी आणि कुठे दाखवायची, हे शिकावं लागतं.

पेत्राचा प्रश्न आणि एक हिशेब

हे सगळं ऐकून पेत्र विचारतो, माझ्या भावाने माझा अपराध केला तर मी किती वेळा क्षमा करू? सात वेळा? पेत्राला वाटलं असणार, आपण बराच मोठा आकडा सांगितला. येशू उत्तर देतो, सात वेळा नव्हे, सत्तर गुणिले सात वेळा. (काही भाषांतरांत हा आकडा सत्याहत्तर आहे.) आता ४९० पर्यंत वही घालून मोजायचं आणि ४९१व्या वेळी ठोसा द्यायचा, असा त्याचा अर्थ नाही. मोजणं सोडून दे, असा आहे.

का सोडायचं, हे सांगण्यासाठी एक दाखला येतो. एका राजाचा चाकर. त्याच्यावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज. फेडणं अशक्य. तो पाया पडतो, राजाला त्याची दया येते आणि सगळं कर्ज माफ होतं. बाहेर पडल्यावर त्याला त्याचा सोबती चाकर भेटतो, जो त्याचे शंभर दीनार देणं लागत असतो. तो त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाला हे कळतं, आणि माफी रद्द होते.

आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका, गणित करू. दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार. म्हणून दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दीनार, ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं राबावं लागेल. आजच्या भाषेत, रोजची मजुरी ५०० रुपये धरू. सोबत्याचं देणं होतं ५०,००० रुपये. चाकराला माफ झालेलं कर्ज होतं ३,००० कोटी रुपये. सहा लाख पट!

इथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली, पन्नास हजार ही काही क्षुल्लक रक्कम नाही. रापणीवरच्या माणसाला विचारा. आपल्यावर झालेला अन्याय लहान असतो असं येशू म्हणत नाही. दुसरी, आणि ही या शिकवणुकीचा गाभा आहे : ख्रिस्ती माणूस क्षमा करतो ती समोरच्यापेक्षा मोठा आहे म्हणून नाही. आपलंही फार मोठं देणं माफ झालेलं आहे, ही आठवण ठेवून तो क्षमा करतो. वरून खाली टाकलेली भीक आणि एका कर्जदाराने दुसऱ्याला दिलेली सवलत, यांत फरक आहे. "जा, केलं माफ" असं तोऱ्यात म्हटलेलं ऐकून समोरचा अजूनच खजील होतो, कारण त्यात क्षमा कमी आणि मोठेपणा जास्त असतो.

आपल्याकडेही हा विचार वेगळ्या वाटेने आलेला आहे. ज्ञानेश्वरांनी पसायदानात वाईट माणसं नाहीशी होवोत असं मागणं मागितलं नाही, त्यांच्यातला वाईटपणा जावा असं मागितलं. माणूस आणि त्याची करणी यांच्यात रेघ ओढणं, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

किनाऱ्यावरची न्याहारी

क्षमा झाल्यावर पुढे काय, हे सांगणारा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी येतो. तो आपल्याला जवळचा वाटेल, कारण त्यात जाळं आहे, होडी आहे आणि भाजलेले मासे आहेत.

येशूला पकडलं त्या रात्री थंडी होती. अंगणात चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता. पेत्र तिथे शेकत उभा होता. लोकांनी विचारलं, तू त्याच्या शिष्यांपैकी ना? पेत्राने नाही म्हटलं. एकदा नाही, तीनदा. सर्वांत जवळच्या मित्राने, सर्वांत गरजेच्या वेळी.

पुनरुत्थानानंतरचा प्रसंग. पेत्र आणि इतर काही शिष्य रात्रभर तिबिर्याच्या समुद्रावर जाळं टाकून बसले, एक मासा नाही. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतं, उजव्या बाजूला टाका. जाळ्यात १५३ मोठे मासे येतात आणि तरी जाळं फाटत नाही. किनाऱ्यावर येऊन पाहतात तर कोळशांचा विस्तव, त्यावर मासे आणि भाकर. बोलावणारा येशूच. मूळ ग्रीक नव्या करारात 'कोळशांचा विस्तव' हा शब्द फक्त या दोन ठिकाणी येतो : जिथे पेत्राने नाकारलं तिथे आणि जिथे त्याला परत घेतलं तिथे.

आता क्रम पाहा. आधी न्याहारी. मग प्रश्न : तू माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा नाकारलं होतं, तीनदा विचारलं जातं. पेत्राला वाईटही वाटतं. म्हणजे झालेल्या गोष्टीवर पांघरूण घातलेलं नाही, जखमेला हात लागला आहे. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम दिलं जातं : माझी मेंढरं सांभाळ. ज्याने विश्वास मोडला, त्याच्याच हाती पुन्हा विश्वासाचं काम.

मला या प्रसंगाने हे शिकवलं की क्षमा 'माफ केलं' या शब्दांवर संपत नाही. चुकलेल्याला पुन्हा जबाबदारी मिळते तेव्हा ती पुरी होते.

खऱ्या आयुष्यातली उदाहरणं

हे सगळं ग्रंथात ठीक, प्रत्यक्षात कोण करतं, असं तुम्ही म्हणाल. तीन उदाहरणं देतो.

पहिलं आपल्या महाराष्ट्रातलं, पंडिता रमाबाईंचं (१८५८–१९२२). १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं. समाजाने 'पतित' ठरवून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आश्रय मिळत होता, काम शिकवलं जात होतं. रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. अशा स्त्रियांना शिक्षा आणि हाकलणं, एवढंच त्यांना माहीत होतं. या बायकांवर तुम्ही एवढी माया का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा धर्मभगिनींनी त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट सांगितली. विहिरीवर भेटलेल्या त्या स्त्रीचं आयुष्य येशूला ठाऊक होतं, ते त्याने तिला बोलूनही दाखवलं, आणि तरी तिच्याच हातचं पाणी मागितलं. रमाबाईंवर याचा खोल परिणाम झाला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे केडगावला त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं आणि त्यात अशाच स्त्रियांसाठी वेगळं घर झालं. त्याचं नाव 'कृपासदन'. दया ही भावना न राहता तिला भिंती, छप्पर आणि रोजचं जेवण मिळालं, ते असं.

दुसरं उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचं. केरळमधून आलेल्या या धर्मभगिनी मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या उदयनगर भागात भूमिहीन लोकांना सावकारांच्या पकडीतून सोडवण्याचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भर बसमध्ये त्यांचा भोसकून खून झाला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाच्या हातावर राखी बांधली. त्यांच्या आईनेही त्याला क्षमा केली. २००६ साली तो सुटला, त्या सुटकेसाठी या कुटुंबानेही शब्द टाकला होता. पुढे तो राणी मारियांच्या कबरीवर जाऊ लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला त्यांना 'धन्य' घोषित करण्यात आलं. राखी बांधण्याआधी सात वर्षं गेली होती, हे विसरू नका. क्षमा एका दिवसात होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तिसरं ग्लॅडिस स्टेन्स यांचं. त्यांचे पती ग्रॅहॅम ओडिशात बारिपदा इथे कुष्ठरुग्णांची सेवा करत. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी गाडीत झोपलेले असताना ते आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, यांना जमावाने जिवंत जाळलं. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि त्या कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी तिथेच राहिल्या. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला २००३ साली फाशीची शिक्षा झाली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ग्लॅडिसबाईंनी आपल्या मनातला द्वेष सोडला, कायद्याचं काम कायद्यावर ठेवलं.

तीन गैरसमज

पहिला : क्षमा केली म्हणजे शिक्षा नाही. वरच्या उदाहरणातच याचं उत्तर आहे. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कयही पाहा. तो जकातदारांचा मुख्य, श्रीमंत. येशू त्याच्या घरी उतरतो. त्यानंतर जक्कय स्वतःहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. खरी क्षमा मिळालेला माणूस भरपाई टाळत नाही.

दुसरा : क्षमा करायची म्हणजे सोसत राहायचं, कुणाला सांगायचं नाही. विद्यार्थी मित्रांनो, हे नीट ऐका. कुणी मोठा माणूस तुमच्या अंगाला नको तसा हात लावत असेल, मारत असेल, धमकावत असेल, तर त्याला एकट्याने भेटून समजावणं हे तुमचं काम नाही. विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करा. लहानग्याला बिघडवणाऱ्याविषयीची जात्याची ताकीद याच अध्यायात आहे. आणि शिक्षकांनो, अशी गोष्ट कळल्यावर 'घरातल्या घरात मिटवा' म्हणणं ही दया नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे.

तिसरा : दयाळू माणूस हक्कासाठी भांडत नाही. आपल्या समुद्रातलंच उदाहरण घ्या. परराज्यांतले वेगवान ट्रॉलर किनाऱ्याजवळ येतात, पारंपरिक मच्छीमारांची जाळी फाटतात, बंदी असूनही एलईडी दिव्यांवर मासेमारी होते. याविरुद्ध मत्स्यव्यवसाय विभागाकडे तक्रार करणं, १९८१ चा सागरी मासेमारी कायदा (जो २०२१ साली अधिक कडक झाला) लावून दंड करा अशी मागणी करणं, हे योग्यच आहे. दयेचा प्रश्न त्यानंतर येतो. पकडलेल्या ट्रॉलरवरचा खलाशी हाही कुणाच्या तरी पगारावरचा, घरापासून लांब आलेला गरीब माणूस असतो. त्याला मारहाण करायची का? उपाशी ठेवायचं का? हक्क सोडायचा नाही आणि माणुसकीही सोडायची नाही, इतकं अवघड आहे ते.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही शिकवण सांगणाऱ्यांनीच ती नेहमी पाळली असं नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, इन्क्विझिशन चाललं. त्यात धर्माच्याच नावाने लोकांना कैद झाली, छळ झाला. अठरावा अध्याय तेव्हाही याच पुस्तकात होता. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने मराठी शिकून येशूचं चरित्र ओव्यांत लिहिलं आणि १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं. एकाच काळात, एकाच भूमीत दोन्ही घडलं. ग्रंथ जवळ असल्याने माणूस दयाळू होत नाही. तो रोज नव्याने वाचून वागावं लागतं.

पुन्हा वर्गात

बाईंनी तो अध्याय दिल्यानंतर काही वर्षांनी तसाच प्रसंग आला. विज्ञान प्रदर्शनाच्या खर्चाच्या डब्यातले तीनशे रुपये गेले. कुणी घेतले, याचा अंदाज मला होता. या वेळी मी दप्तरं तपासली नाहीत. शाळा सुटल्यावर त्या मुलीला ग्रंथालयात बोलावलं, दार उघडं ठेवलं, पुस्तकं लावायला मदत मागितली. पंधरा मिनिटं आम्ही पुस्तकांविषयीच बोललो. मग मी विचारलं, "डब्यातल्या पैशांविषयी तुला काही सांगायचं आहे का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग रडत म्हणाली, "सर, माझ्याकडे आसत. शंभर खर्च झाले."

शंभर रुपये तिने कसे भरून द्यायचे, ते आम्ही ठरवलं : दर आठवड्याला दहा. दहा आठवडे ती दर शुक्रवारी दहा रुपये आणून देई. वर्गाला मी एवढंच सांगितलं की पैसे मिळाले आहेत. "कोणी घेतले, सर?" असा गलका झाला. मी म्हटलं, "ज्याने घेतले त्याने परत केले. तुमच्यापैकी कुणाची चूक मी अशीच झाकून ठेवावी असं वाटतं, त्याने हात वर करावा." हसू फुटलं आणि विषय संपला.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाचा डबा मी तिच्याकडेच दिला. देताना माझेही हात जरा अडखळले, खोटं कशाला सांगू! वर्षअखेरीस हिशेब पैशापैशाने जुळला.

आणि तो पहिला मुलगा? मी धक्क्यावर त्याला शोधत गेलो होतो. तो आता मोठा झाला आहे. मी म्हटलं, "त्या दिवशी चूक तुझी होती, पण माझी जास्त मोठी होती. मला माफ कर." तो काही बोलला नाही. पेटी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि निघून गेला. माफ करायचं की नाही, हे त्याच्या हातात आहे. मी मागितली म्हणून त्याने द्यायलाच हवी असं नाही. मी अजून त्या बाजूने जातो.

थोडक्यात

- चुकीला चूक म्हणा, पण माणसाला 'चोर', 'वाया गेलेला' असा शिक्का मारू नका.
- आधी एकांतात बोला. मग एक-दोघांना घेऊन. चारचौघांत सगळ्यात शेवटी.
- भरपाई करू द्या. त्याने चुकणाऱ्याचाही मान राहतो.
- स्वतःला कितीदा माफी मिळाली, ते आठवा.
- पुन्हा जबाबदारी द्या.
- लहान मुलांवरचा अत्याचार कधीही झाकू नका.

विचार करा आणि लिहा

१. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या तीन पायऱ्या तुमच्या शब्दांत लिहा. तुमच्या वर्गात सहसा कोणती पायरी आधी येते?

२. दहा हजार तालांत आणि शंभर दीनार यांचं गणित तुमच्या गावातल्या आजच्या मजुरीने करून पाहा.

३. ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केली तरी न्यायालयाने शिक्षा दिली. यात विरोध आहे का? तुमचं मत कारणासह लिहा.

४. तुम्ही ज्याच्याशी बोलणं सोडलं आहे अशी एक व्यक्ती आठवा. नाव लिहू नका. या आठवड्यात तिला एकांतात काय सांगता येईल, ते एका वाक्यात स्वतःसाठी लिहा. हे उत्तर शिक्षकांना दाखवायचं नाही.